एअर घेणारी गाडी

१

लिहिण्यात चुका सापडतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे शब्दही गॅरेजातलेच आहेत, साधे. पण माझ्याबरोबर गॅरेजात असलेल्या चन्नवीरनं पुढं मला सांगितलेली हकिकत सजवून लिहिली तर ती खोटी वाटेल, म्हणून जशी आहे तशी लिहितो.

चौऱ्याहत्तर सालचा एप्रिल होता. अक्कलकोट रोडला दस्तगीर मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि चन्नवीर तिथं डिझेल इंजिनाची कामं करायचा. लाजरा माणूस. गिऱ्हाईक बोलायला आलं की तो इंजिनात डोकं घाली आणि गिऱ्हाईक गेलं की बाहेर काढी. मिस्त्री म्हणायचा, "इसका मुँह बोनट के नीचे है रे."

चन्नवीर मोकळेपणानं बोले तो एका माणसाशी. थोरला भाऊ सिद्धप्पा. वडील गेले तेव्हा चन्नवीर फार लहान होता. सिद्धप्पानं स्वतः ट्रकवर क्लीनरकी करून त्याला वाढवलं, पुढं स्वतः ड्रायव्हर झाला, आणि धाकट्याचा हात धरून त्याला मिस्त्रीच्या हवाली केलं. बाळीवेशीतल्या दोन खोल्यांत सिद्धप्पा, त्याची बायको शिवबाई आणि चन्नवीर असे तिघं राहत. त्या दोन खोल्यांबाहेर चन्नवीरचं जवळचं असं जगात कुणी नव्हतं, आणि असावं असं त्याला वाटतही नव्हतं.

त्या दिवशी सकाळी सिद्धप्पाच ट्रक घेऊन गॅरेजात आला. गुलबर्ग्याची फेरी करून परतला होता.

"चन्ना, गाडी एअर घेतीया बघ. वाटंत चार ठिकाणी बंद पडली. एअर काढली की चालती, परत बंद."

हे दुखणं रोजचंच. डिझेल टाकीतून पाइपानं पंपाकडे येतं. त्या पाइपाला कुठं केसाएवढी भेग पडली, की इंजिन डिझेलबरोबर हवाही ओढतं, आणि हवा आत गेली की इंजिन गुदमरतं. असली भेग सापडायला अवघड. गाडी उभी असली तर तिथं जेमतेम एक थेंब जमतो. चालू असली तर बाहेर काहीच येत नाही, सगळं आत जातं.

"दुपारपर्यंत देतो की," चन्नवीर म्हणाला. "अण्णा, चा घे तंवर."

२

भेग शोधायची गॅरेजातली रीत अशी. पाइपाची दोन्ही टोकं सोडवायची. एकानं टाकीकडच्या टोकाला तोंड लावून फुंकायचं, दुसऱ्यानं पंपाकडच्या टोकावर अंगठा दाबायचा. फुंकणाऱ्याचे गाल फुगलेले राहिले तर पाइप चांगला. गाल बसले तर वारा मध्येच कुठंतरी निसटतोय.

सिद्धप्पा टाकीखाली आडवा झाला. चन्नवीर इंजिनापाशी अंगठा लावून बसला.

"फुंक अण्णा."

वारा आला. अंगठ्याच्या पेराला कोमट लागला. तंबाखूचा वास होता, डिझेलचा होता.

"जातोय रं वारा," सिद्धप्पा खालून ओरडला. "गाल ऱ्हाईना माझं."

"बास. ये वर."

सिद्धप्पा खालून सरपटत निघाला. कपडे झटकत, गाडीला वळसा घालून, चन्नवीरच्या समोर येऊन उभा राहिला आणि लुंगीच्या टोकानं त्यानं तोंड पुसलं.

चन्नवीरचा अंगठा अजून पाइपावरच होता. वारा अजून येत होता.

आला. थांबला. मग अंगठ्याची कातडी हलकेच आत ओढली गेली. पुन्हा कोमट वारा आला, त्याच तंबाखूच्या वासाचा.

त्यानं वाकून टाकीकडचं टोक पाहिलं. ते नुसतं लोंबत होतं. तिथं कुणी नव्हतं.

पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखी धग होती. तापलेल्या पाइपातली हवा फुगते, बाहेर येते. सावली आली की आक्रसते. चन्नवीरनं मनाशी हे नीट मांडलं आणि त्याला ते पटलं. फक्त सावली अशी एवढ्या वेळा ये-जा करत नाही, एवढंच त्यात बसत नव्हतं.

"काय बघायलास?" सिद्धप्पानं विचारलं.

"काय न्हाई," चन्नवीर म्हणाला आणि अंगठा पँटला पुसला.

३

दुपारी शिवबाई जेवण घेऊन आली. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. तिघंही कडुलिंबाखाली बसली. समोरच्या शेडमधल्या मागांची खटखट चालू होती.

"भावजी, एक गंमत सांगू का?" शिवबाई म्हणाली. "तुमच्या अण्णाचं घोरणं बंद झालं."

"ह्यॅ!" चन्नवीर हसला. अण्णाचं घोरणं सगळ्या बोळाला ठाऊक होतं.

"खरंच की. मागच्या फेरीवरनं आल्यापासनं न्हाई. एवढं शांत झोपत्यात, की मीच दोनदा उठून बघितलं. शेजारची कस्तुराबाई म्हणती, कुटल्या देवाला नवस बोललीस?"

"हिला आता झोप येत न्हाई," सिद्धप्पा म्हणाला. "गाणं बंद झालं न्हवं हिचं."

शिवबाई लाजली. सिद्धप्पानं बिडी पेटवली. थोड्या वेळानं ती विझली. त्यानं पुन्हा पेटवली, ओठांत धरली आणि पुन्हा विझली.

"ओली हाय," तो म्हणाला आणि फेकून दिली.

चन्नवीरनं नको असताना वर पाहिलं. सिद्धप्पाचं बनियन घामानं छातीला चिकटलं होतं. बरगड्या मोजता याव्यात इतकं. बोलताना छाती हलत होती. बोलणं थांबलं की ती थांबत होती, आणि मग तशीच राहत होती. भाकरी चावताना, पाणी पिताना, रस्त्याकडे बघत बसताना, भिंतीसारखी.

भरल्या पोटी माणूस संथ श्वास घेतो, चन्नवीरनं स्वतःला सांगितलं.

४

जेवणानंतर त्यानं पाइप गाडीवरून पुरता काढला आणि बाकावर ठेवला. दोन हात लांबीचा तांब्याचा पाइप, दोन्ही टोकांना नट. धुण्याच्या साबणाचा फेस करून त्यानं तो पाइपभर लावला. वारा जिथून निसटतो तिथं बुडबुडा धरतो. पण त्यासाठी आत फुंकावं लागतं. चन्नवीरनं अजून तोंड लावलं नव्हतं.

पंपाकडच्या नटाजवळ बुडबुडा धरला.

लिंबाएवढा झाला. मग आक्रसला, पार मोहरीएवढा. पुन्हा फुगला. त्यावर पत्र्याच्या भोकातून पडलेलं ऊन इंद्रधनुष्यासारखं फिरत होतं. फुटला की दुसरा धरत होता. घाई नव्हती त्याला. निजलेल्या नाहीतर निवांत बसलेल्या माणसाची जी लय असते, ती होती.

बाहेर सिद्धप्पा मिस्त्रीला कसलीतरी गोष्ट सांगत होता. गुलबर्ग्याच्या कुणा हॉटेलवाल्याची. मिस्त्री खो-खो हसत होता.

चन्नवीरनं काय केलं ते त्यालाही नंतर नीट सांगता आलं नाही. त्याला एवढंच वाटत होतं, की हे खोटं ठरावं. गॅरेजात 'डमी' म्हणतात तसा भोक नसलेला नट त्यानं एका टोकाला बसवला. दुसऱ्या टोकावर डाव्या हाताचा अंगठा दाबला. आणि उजव्या हाताचं बोट भेगेवर ठेवलं.

बाहेरची गोष्ट अर्ध्या शब्दावर थांबली.

कप फुटल्याचा आवाज आला. "सिद्धप्पा! अरे क्या हुआ? सिद्धप्पा!"

चन्नवीरनं दोन्ही हात झटकन उचलले. बाहेर सिद्धप्पा मोठ्यानं खोकला.

"ठसका लागला की ओ," त्याचा घोगरा आवाज आला. "घशात बोळा बसल्यागत झालं."

चन्नवीर बाकाला टेकून उभा राहिला. योगायोग असतो. चहा नको त्या नळीत जातो. एकदा घडलेल्या गोष्टीला काही अर्थ नसतो, हे इंजिनाच्या कामात पहिल्यांदा शिकवतात. म्हणून त्यानं ते पुन्हा केलं. अगदी क्षणभर.

ह्या वेळी बाहेरून शब्दच आला नाही. फक्त पत्र्यावर आपटलेल्या हाताचा आवाज आला.

तिसऱ्यांदा बघण्याची गरज त्याला राहिली नाही. त्यानं डमी काढली, पाइपाची दोन्ही टोकं मोकळी केली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत.

५

"अण्णा, ह्या गाडीवर जाऊ नको."

सिद्धप्पा हसला. "का रं? सपान पडलं व्हय तुला दिवसाढवळ्या?"

"तुला दम लागतोय का?"

सिद्धप्पाचं हसू गेलं. त्यानं गाडीकडे पाहिलं. "कसं कळलं तुला?" तो हळू म्हणाला. "इंजिन चालू असलं की आतनं कुणी तरी ओढून घ्यायलंय असं वाटतंय, चन्ना. गाडी बंद पडली की मग बरं वाटतंय. शिवबाईला बोलू नको. डाक्टरला दाखवतो मी येत्या आठवड्यात."

चन्नवीरला वाटलं, आत्ताच सगळं सांगून टाकावं. पण सांगायचं काय? तुझा श्वास ह्या पाइपात आहे? भेग बुजवली तर तू मरशील, नाही बुजवली तर इंजिन तुला ओढून घेईल? असली वाक्यं त्याच्या तोंडून कधी निघाली नव्हती.

त्याऐवजी तो मिस्त्रीकडे गेला. "पाइप कथलानं झाळून चालायचा न्हाई. नवा टाकू या."

"डाल दे," मिस्त्री म्हणाला. "पुराना भंगार में फेक."

चन्नवीरनं नवा पाइप बसवला. प्रत्येक सांध्याला नवीन वॉशर घातलं, एअर काढली, नट आवळले. स्टार्टर मारला आणि इंजिन पहिल्या झटक्यात धरलं. कुठं अडखळणं नाही, गुदमरणं नाही. सिद्धप्पा केबिनमध्ये बसून ऐकत होता. त्याचा चेहरा उजळला.

"आयला, लई हलकं वाटायलंय रं! छातीवरचा धोंडाच काढलास की."

चन्नवीरही हसला. त्याला सुटका सापडली होती. गाडीला नवा पाइप, आणि जुना आपल्यापाशी, दोन्ही टोकं उघडी. इंजिन आता नुसतं डिझेल ओढील. अण्णा जगेल. बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

सिद्धप्पा उमरग्याचा माल घेऊन निघाला. चन्नवीरनं जुना पाइप पोत्यात गुंडाळून घरी नेला आणि आपल्या अंथरुणाजवळच्या फळीवर ठेवला. टोकाला गाल लावला की ऊब कळत होती. येत होती, जात होती. निजताना त्याला ती सोबतीसारखी वाटली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच ट्रक बोळाच्या तोंडाशी येऊन थांबला. चालवणारा ड्रायव्हर दुसराच होता. मागं, पोत्यांवर, चादर पांघरलेला सिद्धप्पा होता.

त्या ड्रायव्हरनं पाणीसुद्धा न पिता सांगितलं. नळदुर्गच्या अलीकडच्या हॉटेलात सिद्धप्पा सकाळी पोटभर जेवला. मजेत होता. झाडाखालच्या बाजेवर थोडं पडतो म्हणाला. तासाभरानं उठवायला गेले तर उठेना. कुणीतरी नाकाशी कापूस धरला. कापूस हलला नाही. जवळच्या डॉक्टरला आणलं. त्यानं छातीला नळी लावली, डोळे उघडून बघितले, आणि गेला म्हणून सांगितलं.

शिवबाईचा आक्रोश बोळभर गेला. चन्नवीर आतल्या खोलीत फळीपुढं उभा होता.

पाइप घोरत होता.

तांब्यातून येत असल्यामुळं आवाज बारीक होता, लांबून आल्यासारखा. पण घोरणं ओळखायला त्याला वेळ लागला नाही. त्याच्या लहानपणापासूनच्या सगळ्या रात्री त्या आवाजाच्या होत्या.

तो बाहेर आला. सिद्धप्पाला ओसरीवर ठेवलं होतं. अंग गरम होतं. "उनातनं आणलंय," कुणीतरी म्हणालं. त्यानं भावाचे खांदे धरून हलवले. मान इकडून तिकडे गेली. डोळे उघडले नाहीत.

दस्तगीर मिस्त्री धावत आला होता. चन्नवीरनं त्याला हाताला धरून आत नेलं आणि त्याचा अंगठा पाइपाच्या टोकावर ठेवला.

मिस्त्रीनं बराच वेळ धरला. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"धूप में तप्या है रे पाइप. हवा है अंदर. बस, हवा है."

काल हेच त्यानंही स्वतःला सांगितलं होतं.

ओसरीवर चुलते आले, भाऊबंद आले, विधी करणारे अय्या आले. उन्हाळ्याचे दिवस, दिवस मावळायच्या आत करायला हवं असं ठरलं. इतक्या माणसांत चन्नवीर आयुष्यात कधी बोलला नव्हता. तो उभा राहिला. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"अण्णा झोपलाय," तो म्हणाला. आवाज त्याच्या स्वतःच्या कानापर्यंतसुद्धा नीट पोचला नाही.

चुलत्यांनी पुढं होऊन त्याला छातीशी धरलं. "व्हय बाळा," ते रडत म्हणाले. "झोपलाय. शिवाच्या मांडीवर झोपलाय."

तो शिवबाईकडे वळला. "वहिनी, पुरू देऊ नका. आजची रात तरी."

"भावजी," ती म्हणाली, "तुमी तरी असं बोलू नका ओ. मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

मग तो बाजूला झाला.

७

आमच्यात देहाला अग्नी देत नाहीत. खड्डा खणून, आत मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती, हातात इष्टलिंग, वरून बेलाची पानं आणि माती.

सिद्धप्पाला बसवताना जड गेलं नाही. गुडघे सहज दुमडले. मान खांद्यावर कलली, एस्टीत डुलकी लागलेल्या माणसाची कलते तशी. "पुण्यवान माणूस," एक म्हातारा म्हणाला. "अंग ताठलं न्हाई बघा."

चन्नवीरनं माती टाकली. सगळ्यांनी टाकायला सांगितली म्हणून टाकली.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. तो सरळ फळीकडे गेला. घोरणं थांबलं होतं. क्षणभर त्याला बरं वाटलं. संपलं. डॉक्टर बरोबर होता, मिस्त्री बरोबर होता. त्यानं अंगठा टोकावर ठेवला.

कातडी जोरात आत ओढली गेली.

सुटली. पुन्हा ओढली गेली. भराभर, तोकडं तोकडं, लय नसलेलं. मधेच सगळं थांबलं, कुणी कान देऊन ऐकावं तसं. मग पाइपाच्या आतून एक खोकला आला, ओला, तोंडात काहीतरी गेल्यासारखा. आणि नंतर ते ओढणं पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा जोरात.

सिद्धप्पा जागा झाला होता.

चन्नवीर अनवाणी पळाला. बाळीवेशीतून, जिथं पुरलं त्या रुद्रभूमीपर्यंत लोक त्याच्याकडे वळून बघत होते. ताजी माती होती, हातानं उकरता येत होती. हात कोपरापर्यंत आत गेला असेल नसेल, तोच मागून आलेल्या भाऊबंदांनी त्याला धरलं. तो ओरडत होता, पण काय ओरडतो ते कुणाला कळत नव्हतं. चौघांनी उचलून घरी आणला, आतल्या खोलीत घातला आणि बाहेरून कडी लावली. चुलते दाराला पाठ लावून बसले. डोकं फिरलंय पोराचं, रडू दे, म्हणाले.

पाइप त्याच खोलीत होता.

रात्र कशी गेली ते लिहिण्यासारखं नाही. हा श्वास आपोआप थांबू दे, एवढंच तो मागत होता. मातीत माणूस किती टिकतो? पण सिद्धप्पाला मातीतून हवा लागतच नव्हती. हवा ह्या खोलीत होती, उघड्या टोकाला, हवी तेवढी. थांबायचं काही कारणच नव्हतं.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलत्यांनी कडी काढली. चन्नवीर शांत होता; उकरायला गेलं तर पुन्हा धरून आणतील, हे त्याला रात्रीत कळलं होतं. तोंड धुतलं, शिवबाईनं दिलेला चहा घेतला. पोत्यात गुंडाळलेला पाइप काखेत मारून निघाला. "कुटं?" म्हणून विचारलं, तर कामावर म्हणाला. त्यांना बरं वाटलं.

गॅरेजात अजून कुणी आलं नव्हतं. त्यानं पाइप बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात धरला, नेहमीसारखा, चेमटणार नाही इतपत. भेग पॉलिश पेपरनं घासून स्वच्छ केली आणि कथलानं झाळली. कथलाचा डाग भेगेवर सारखा बसला. एका टोकाला तांब्याचं वॉशर घालून डमी आवळली.

दुसऱ्या टोकाशी तो वाकला. वारा त्याच्या तोंडावर येत होता. त्यात आता तंबाखूचा वास नव्हता, ओल्या मातीचा होता.

"अण्णा," तो पाइपात म्हणाला, "मी हाय हितं."

ओढणं थांबलं. मग एक लांब, सावकाश श्वास बाहेर आला.

तो सगळा येऊ दिला आणि चन्नवीरनं दुसरी डमी लावली. आधी हातानं फिरवली, मग पाना घातला. नट फिरताना हाताला आतून धक्के लागत होते, पाइप व्हाइसमध्ये थरथरत होता. त्यानं हात सैल सोडला नाही. अण्णानंच त्याला इथं आणून सोडलं होतं आणि मिस्त्रीनं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, की सांधा आवळायचा तर अर्ध्यावर सोडायचा नाही.

बराच वेळ तो पाइपावर तळवा ठेवून उभा राहिला. मिलचा भोंगा झाला. तांबं हळूहळू गार पडलं.

मग त्यानं पाना पुसून खुंटीला लावला, दारात उभ्या असलेल्या गाडीखाली पोतं अंथरलं आणि कामाला लागला.